हात कुणाला द्यायचा

भोईवाडा, परळ
१४ जुलै २०२४

सुरू,

रविवारी दुपारी आपण दोघी गॅलरीत बसून शाळेचे कॅनव्हासचे बूट पांढरे करायचो, आठवतं? बाबांच्या जुन्या बनियनची चिंधी, बशीत कालवलेला रंग आणि सिस्टर बेनेडिक्टाची धास्ती. सोमवारी प्रार्थना झाली की ती ओळीतून चालत यायची आणि आपल्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायची. एका रविवारी धाकटा लवू येऊन आपल्यात बसला आणि पाय पुढे करून म्हणाला, "माजे पन." त्याला कुठल्याच शाळेने घेतलं नव्हतं, बूट कुठले असणार? तू त्याचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत रंगवलेस, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. वाळेपर्यंत तो पाय वर धरून बसला होता, सगळ्या चाळीने बघून घ्यावं म्हणून. संध्याकाळी आईने घासून घासून त्याचे पाय लाल केले आणि तुला एक धपाटा दिला.

एवढंच. इतक्या वर्षांनी तुला लिहायचं तर कुठून धरावं कळेना, म्हणून जिथे आपण भांडलेलो नव्हतो तिथून सुरुवात केली.

बडोद्याचा नवा पत्ता मी नूपुरकडून घेतला. लेकीवर रागावू नकोस, मी फार मागे लागले तिच्या.

काम लवूचं आहे. आई होती तोवर त्याचं सगळं आई बघायची, तिच्यामागे मी बघते. आपल्या घरात हे गृहीत आहे, पण कागदावर साठीच्या लवूचं कुणीच नाही. पालक म्हणून एकाचं नाव लागावं लागतं. मी नाव तुझं घालते आहे. माझं घालून काय उपयोग, मी काय जन्माला पुरणार आहे? तुला धावपळ काही नाही. आता सगळे अर्ज मोबाइलवरून होतात. तुला एक मेसेज येईल, त्यात हो म्हणायचं. बास. माझी तब्येत छान आहे, जरा पित्त उठतं अधूनमधून.

आमच्याकडे नागरिक सुविधा केंद्र झालंय नवीन. तू बघायला हवंस. एसी, बसायला खुर्च्या, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, प्यायचं पाणी, नंबर पुकारणारा पडदा. माझ्या अख्ख्या नोकरीत अशी कचेरी मी पाहिली नव्हती. तुला माहीत आहे, आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्या बायका "हे आमचं काम खाणार" म्हणून रुसल्या होत्या आणि साहेबांनी कोण शिकणार विचारल्यावर फक्त मी हात वर केला होता. त्या यंत्राला शेंदूर लावून हार घातला होता शिपायाने. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, की लोकांना खेपा घालाव्या लागू नयेत. खिडकीपलीकडच्या माणसाच्या मर्जीवर कुणी जगू नये. हे केंद्र बघून मला खरोखर भरून आलं.

खिडकीवर श्रेया नावाची मुलगी आहे. नूपुरहून लहान असेल. फार गोड. "काकू, बसा. काका, तुम्ही पण बसा," म्हणाली. सगळे कागद बघितले, सगळं बरोबर होतं. शेवटी म्हणाली, "आता फक्त काकांचे ठसे. जुन्या दिव्यांग कार्डावर नुसता फोटो आहे, ते चालत नाही आता." आणि तिने काचेचं छोटं यंत्र पुढे सरकवलं आणि लवूचा हात धरायला आपला हात पुढे केला.

पुढचं तुला सांगायला नको. त्याने दोन्ही हात काखेत घातले.

श्रेया हसली. पुन्हा म्हणाली, "द्या ना काका, नाही दुखत." लवूने मान खाली घातली, हात काखेत आणखी आत गेले. ती उठून जवळ आली तसा तो ओरडायला लागला. तसाच, आईने शिकवला होता तसा, एकच लांब आवाज. खुर्च्यांवरचे सगळे उभे राहिले.

मग मला तिला सगळं सांगावं लागलं. तो नऊ वर्षांचा असताना चौपाटीच्या विसर्जनात कुणीतरी त्याला हाताला धरून घेऊन गेलं, तो दुसऱ्या दिवशी शिवडीच्या गोदामामागे सापडला. काय झालं होतं ते कुणी विचारलं नाही आणि त्याला सांगता आलं नाही. त्यानंतर आईने वर्षभर त्याला एकच धडा दिला. चाळीतल्या बायकांना, आपल्याला, इस्त्रीवाल्याला सांगून ठेवलं, की लवूला लिमलेटची गोळी दाखवा आणि हात मागा. त्याने हात दिला की आईची चापट. काखेत घातला की गोळी. "लवू, हात कुणाला द्यायचा?" "कुनाला नाय." सुरू, आपणसुद्धा त्याला किती वेळा फसवलं गं.

श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, टेन्शन नका घेऊ. परत ट्राय करू," म्हणाली.

तेवढा मेसेज आला की हो म्हण.

ताई


भोईवाडा, परळ
११ ऑगस्ट २०२४

सुरू,

तुझं उत्तर नाही आणि संमतीही नाही. मेसेज आला असेल. श्रेयाने तिच्या पडद्यावर मला दाखवलं, तुझ्या नावापुढे पिवळी खूण आहे. म्हणजे तुझ्यापर्यंत पोचलंय, तू अजून बघितलं नाहीस.

आम्ही तीनदा जाऊन आलो. एकदा श्रेया तिच्या वरिष्ठांना सांगून यंत्र घेऊन घरी आली, सुट्टीच्या दिवशी. लवूने तिला बसायला पाट दिला, स्वतःच्या वाटणीची चकली दिली. यंत्र पिशवीतून बाहेर काढलं आणि हात काखेत. डोळ्यांचा ठसा घ्यावा म्हटलं, तर यंत्रात लाल दिवा लागतो. तो डोळे असे घट्ट मिटून घेतो की कपाळाच्या शिरा उभ्या राहतात.

मी म्हटलं, "ज्यांना बोटं नसतात त्यांचं काय करता?"

"त्यांना सूट आहे काकू. तसा ऑप्शन आहे."

"मग याला द्या."

ती बराच वेळ पडद्यावर वरखाली बघत राहिली. "बोटं नाहीत असं टाकता येतं. बोटं आहेत पण देत नाहीत, असं नाही टाकता येत. आणि खोटं टाकलं तर पुढे काकांनाच प्रॉब्लेम."

वरिष्ठही चांगले आहेत. त्यांनी वर लिहिलं, वरून उत्तर आलं, की ठसे द्यावेत. त्यांच्या हातात काही नाही. ते स्वतः म्हणाले, "मॅडम, पूर्वी डॉक्टर समोर बसवून बघायचे आणि लिहून द्यायचे की हाच तो मनुष्य. आता आम्ही बघितलेलं चालत नाही." मी काही जुन्या दिवसांचे गोडवे गाणारी नाही. त्या डॉक्टरांच्या सहीसाठी मी आईबरोबर किती वर्षं व्हरांड्यात उभी होते ते मला माहीत आहे. शिपायाच्या हातावर काही ठेवल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. पण त्या डॉक्टरांना लवू दिसत होता. नाकावरचा चष्मा वर करून ते म्हणायचे, "काय लवूशेठ?" आणि सही करायचे.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एक गोळी देतो, गाढ झोपेल, तेव्हा अंगठा टेकवून घ्या, कुणाला कळायचंही नाही. मी नाही म्हटलं. शेवंतासमोर बोलले तर तीही चिडली माझ्यावर. शेवंता म्हणजे आमची मासळीवाली, कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. भाऊच्या धक्क्यावरून माल उचलून आपल्या गल्लीत येते, लवूसाठी मांदेली राखून ठेवते. टोपली खाली ठेवून म्हणाली, "ताय, तू लय शिकलेली गो. निजल्या मानसाचा आंगठा घेतला तर काय पाप लागतंय व्हय? मरतंय का कोन?"

मला नाही जमलं. निजलेल्या माणसाचा अंगठा घेतात तो त्याची खोली लुबाडायला. मी त्याला माणूस म्हणून उभं करायला निघाले आहे, तर त्याने जागेपणी, आपल्या मनाने हात द्यावा. मॉरल सायन्सच्या तासाला आपल्याला जे पढवलं ते अशा वेळी उभं राहतं बघ वाटेत.

म्हणून मी ठरवलं आहे. आईने जे शिकवलं ते मी उलटं शिकवणार. गोळ्या आणल्या आहेत. लिमलेटच्या आता मिळत नाहीत तशा, संत्र्याच्या मिळाल्या.

संमतीचं बघ. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मेसेजमध्ये बोलावं लागत नाही.

ताई


भोईवाडा, परळ
२९ सप्टेंबर २०२४

सुरू,

झालं! लवूने हात दिला!

परवा श्रेयाने यंत्र पुढे केलं आणि लवूने स्वतःहून पंजा ठेवला त्यावर. दहाही बोटं. ती म्हणेल तसं एकेक बोट उचलून पुन्हा टेकवलं. पडद्यावर एकेक बोट हिरवं होत गेलं तसे खुर्च्यांवरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. मला वाटतं तिथल्या निम्म्या लोकांनी आमची पहिली आरडाओरड पाहिलेली होती. श्रेयाने सगळ्यांना बिस्किटं वाटली.

आणि त्याच वेळी तिने दाखवलं. तुझ्या नावापुढे हिरवी खूण. केव्हा दिलीस तेही लिहिलं होतं, पण मी तारीख बघितली नाही, खूणच बघत राहिले. एका शब्दाचं पत्र नाही तुझं, पण खूण आली. मला तेवढी पुरली.

शिकवण्याची गंमत तुला सांगायला हवी. पहिले कितीतरी दिवस काहीच होईना. मी हात पुढे करून गोळी दाखवली की तो माझ्याकडेच संशयाने बघायचा. बहिणीचा हात तो धरतोच, त्यात शिकायचं काय? म्हणून शेवंताला घेतलं. तिच्या हाताला मासळीचा वास, तो त्याला आवडतो. तिला हात दिला की गोळी. मग वॉचमन. मग गॅसवाला. एकदा जमलं म्हटल्यावर त्याला चटकच लागली. जिन्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे हात करायला लागला. शेवंता म्हणाली, "ताय, तुजा भाव आता विलेक्शनला उबा ऱ्हातो काय? गल्लीचं मत त्यालाच गो!" बाजूच्या बिऱ्हाडातल्या बाई त्याला मंत्रीसाहेबच म्हणतात. तो हसतो. सुरू, तो तोंड भरून हसतो, अनोळखी माणसाचा हात धरला की. आपण त्याचं हे हसणं पाहिलंच नव्हतं. कुणाचा हात धरायला इतका आसुसलेला होता हा, आणि आपल्याला पत्ता नाही.

एका रात्री जेवताना मात्र त्याने मला विचारलं, "ताई, चापट?" त्याला आई आठवली असणार. मी म्हटलं, "नाही रे. आता चापट नाही. आता सगळ्यांना हात द्यायचा." "सगल्यांना?" "सगळ्यांना." तो बराच वेळ भात चिवडत बसला.

आता खरं सांगते. पित्त नाही. स्वादुपिंडात आहे आणि पसरलंय. मे महिन्यातच कळलं होतं. डॉक्टर नीट बोलतात, पण डोळे चुकवतात. किरण देतायत ते दुखणं कमी व्हावं म्हणून, बरी व्हावी म्हणून नाही.

वांगणीच्या पुढे एक आश्रम आहे, लवूसारख्यांचा. मी त्याला घेऊन बघून आले. स्वच्छ आहे. पडवीत झोपाळा आहे. तिथल्या बाईंनी सांगितलं, ठशांचं कार्ड आणि पालकाचा आदेश आला की आणून सोडा. मी असताना त्याला तिथली सवय व्हावी एवढीच माझी धाव.

आई गेल्यावर तू हेच म्हणाली होतीस, त्याला चांगल्या ठिकाणी ठेवू या. मी तुला म्हटलं होतं, पुन्हा या दारात येऊ नकोस. मी काही ते मागे घ्यायला हे लिहीत नाही. मला तेव्हा त्याला सांभाळायचं होतं आणि मी सांभाळलं. तू त्याला ओझं म्हणालीस ते मी विसरलेले नाही. पण पालक म्हणून दुसरं नाव मनात आलं नाही माझ्या. याचा अर्थ काय लावायचा तो तू लाव.

आदेश यायला थोडे दिवस लागतील. सगळं आपोआप पुढे सरकतं म्हणे, कुणाला भेटावं लागत नाही.

ताई


परळ
२३ ऑक्टोबर २०२४

सुरू,

लवू सापडत नाहीये.

नूपुरला फोन केला आहे. तुला लिहिते आहे कारण हातांना दुसरं काही काम नाही. तो निळ्या चौकड्यांच्या शर्टात आहे. सकाळची संत्र्याची गोळी त्याने घेतली होती.

ताई


भोईवाडा, परळ
१० नोव्हेंबर २०२४

सुरू,

फोनवर आपण काहीच बोललो नाही. तू "ताई" म्हणालीस, मी "हो" म्हणाले, मग दोघी नुसत्या फोन धरून होतो. तुझा खुबा मोडलाय, जूनपासून तू अंथरुणात आहेस, हे मला नूपुरकडून आता कळतं. म्हणजे ती हिरवी खूण तू पडल्या पडल्या दिलीस. मी मात्र पत्र नाही म्हणून मनात किती काय काय बोलले तुला.

नूपुर आठवडाभर राहिली. लालबागपासून दादरपर्यंत त्याचे फोटो चिकटवत फिरली. गुणी मुलगी आहे. तिने तुला सांगितलंच असेल, पण माझ्याकडून ऐक.

त्या दिवशी माझी किरणांची पाळी होती. लवूला मी नेहमीसारखं बाहेरच्या बाकावर बसवलं. सुरू, सबंध आयुष्य मी त्याला असं कुठेही बसवून जाऊ शकत होते. रेशनच्या रांगेत, बँकेत, माझ्या ऑफिसच्या जिन्यात. काखेत हात घालून तो तिथेच बसायचा. राजा आला तरी त्याला कुणी उठवू शकत नव्हतं. त्या भरवशावर मी नोकरी केली, त्या भरवशावर आई शांतपणे मेली. त्या दिवशीही मी सवयीने म्हटलं, "इथेच बस," आणि आत गेले. माझ्या लक्षातच आलं नाही, की तो लवू आता नाही. मीच पुसला होता तो.

हॉस्पिटलात नवे कॅमेरे आहेत. पोलीस ठाण्यातल्या बाईंनी मला सगळं दाखवलं. चित्र इतकं स्वच्छ, की त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसतं. शेजारी एक म्हातारी बसली होती. आपल्याच वयाची, नऊवारीतली. तिला उठता येईना. तिने लवूकडे बघून हात पुढे केला. त्याने दिला. तो हसला. मला ते दिसलं. तिला उठवून, सावकाश, तिच्या पावलाने चालत तो फाटकापर्यंत गेला. दुसऱ्या कॅमेऱ्यात दोघं रस्ता ओलांडताना दिसतात. तिसऱ्यात बस येते, म्हातारी चढते, वळून त्याला काहीतरी म्हणते. भलं होवो, असंच काहीतरी म्हणाली असणार. बस जाते आणि लवू थांब्यावर एकटा उभा राहतो, हात अजून पुढे केलेला. मग एक माणूस येतो, त्याचा हात धरतो. कोण ते कळत नाही, पाठमोरा आहे. त्याच्यामागे खांब आहे. खांबानंतर कॅमेरा नाही.

त्या माणसाला मी वाईट म्हणू शकत नाही. त्यालाही रस्ताच ओलांडायचा असेल. किंवा त्याला वाटलं असेल, हा म्हातारा चुकलाय, पोचवू या कुठेतरी. लवू हरवताना कुणी वाईट वागलंच नाही गं. कुठल्या दारावर जाऊन डोकं आपटू?

पोलीस ठाण्यातल्या बाई म्हणाल्या, "आजी, कार्ड केलंय ना त्यांचं? मग तुम्ही नशीबवान. कार्ड नसलेली माणसं आम्हाला सापडतच नाहीत. यांचा कुठेही ठसा लागला, आश्रमात, दवाखान्यात, कुठेही, तर तुमच्या मोबाइलवर मेसेज येईल." मी विचारलं, "रस्त्यावर बसलेल्या माणसाचा ठसा कोण घेतं?" त्या म्हणाल्या, "चहा घेणार का?"

तो पत्ता सांगतो, पण गिरगावचा. आईने पाठ करून घेतलेला. चाळ पाडली, तिथे आता टॉवर आहे. मी जाऊन बसते खाली. दत्तू नावाचा वॉचमन आहे, त्याने खुर्ची दिली. मी त्याला लवूचा फोटो दिला तर म्हणाला, "मावशी, इथे चाळ होती?" मी म्हटलं, "होती." तो वर बघायला लागला, जणू अजून कुठेतरी दिसेल.

जेवण जात नाही. ते दुखण्यामुळे की कशामुळे, ते डॉक्टरांना ठरवू दे.

ताई


भोईवाडा, परळ
१९ जानेवारी २०२५

सुरू,

अक्षर बिघडलंय, समजून घे. सिस्टर बेनेडिक्टाने पट्टी मारली असती.

आज श्रेयाचा फोन आला. "काकू, अभिनंदन! काकांची ऑर्डर आली. तुमच्या बहिणीचं नाव पालक म्हणून लागलं. आता पेढे पाहिजेत हां मला." ती दसऱ्यानंतर दुसऱ्या केंद्रात बदलून गेली, तिला काही माहीतच नाही. मी म्हटलं, "हो गं, पाठवते पेढे." सांगितलं नाही. तिने सुट्टीच्या दिवशी यंत्र पाठीवर टाकून आपला जिना चढलेला आहे. तिने ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांसाठी नीट काम केलं. सगळ्यांनीच नीट काम केलं. मला आता कुणावरही रागावता येत नाही आणि त्यानेच मी संपत चालले आहे. राग असता तर उठून बसले असते.

रोज मनात तेच. झोपेची गोळी दिली असती तर. आईने चापट मारून मारून एक भिंत बांधली होती त्याच्याभोवती, मी गोळ्या देऊन देऊन पाडली. मला वाटलं, भिंतीपलीकडे आता सगळं नवीन झालंय, उजेड आहे, उतार केलाय, खुर्च्या आहेत. उजेड होता. पण उजेड एका खांबापर्यंतच होता. प्रार्थना करावी म्हणते, पण कुणाला उद्देशून करायची तेच सुचत नाही. शाळेतली इंग्रजी ओठांवर येते, अर्थ येत नाही.

डॉक्टर म्हणतात, आता घरीच. शेवंताने तिची टोपली सुनेकडे दिली आहे आणि दिवसा माझ्याजवळ बसते. काल म्हणाली, "ताय, तो मेला असल असं मनात आनू नको." मी म्हटलं, "जिवंत असेल हेच मनात येतं गं, तेच सहन होत नाही." ती उठून पायाशी आली. मग माझे पाय चेपत बसली.

आता नीट वाच, कारण हे पुन्हा लिहायला होणार नाही.

आईची नथ नूपुरला. ती घालणार नाही, माहीत आहे. तरी तिलाच.

माझ्या सुती साड्या शेवंताला, आणि पाटा-वरवंटाही तिला. तो उचलायला तिचे दोघे मुलगे लागतील. तिला आधी सांगून ठेव, नाहीतर एकटी उचलायला जाईल.

काश्मिरी शाल श्रेयाला. केंद्रात एसी फार असतो, मुलगी सारखी शिंकत असते. पेढेही दे. काही विचारलं तर सांग, काकू समाधानात गेल्या. तेवढं खोटं माझ्यासाठी बोल.

माझी प्रमाणपत्रं, शाळेचे फोटो, तिथलीच रोझरी, तुला हवं ते ठेव. उरलेलं टाकून दे, कुणाला दाखवत बसू नकोस.

लवूचे कपडे कुणालाही देऊ नकोस. वांगणीच्या आश्रमात त्याची एक ट्रंक मी पाठवून ठेवली आहे. त्या बाई म्हणाल्या, जागा अडवून ठेवता येत नाही, पण ट्रंक राहू दे.

दत्तूकडे तुझा नंबर दिला आहे. वर्षातून एकदा त्याला फोन कर. वॉचमन बदलला असेल तर नव्या माणसाला फोटो दे.

आणि लवू तुला. आदेशावर तसं लिहिलेलं आहे, शिक्क्यासकट. तुझा खुबा सांधला असेल तेव्हा जिथून बोलावणं येईल तिथे तू स्वतः जा, नूपुरला पाठवू नकोस. तो ओळखेलच असं नाही. हात मात्र लगेच देईल, तू कुणीही असलीस तरी. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

शेवटचं, माझा मोबाइल. शेवंता तो कुरिअरने पाठवेल, चार्जरसुद्धा. लवूच्या कार्डाला हाच नंबर जोडलेला आहे, दुसरा जोडायचा तर त्याचा ठसा लागतो. म्हणून हा नंबर मरू देऊ नकोस. रिचार्ज करत राहा, उशाशी ठेव, आणि आवाज बंद करू नकोस.